तीन हजार एकशे चाळीस

गुल्सेरेन मोजते मनात.
खुर्चीत बेल्जियमचा लिओपोल्ड, डोकं बधिर,
छताकडे बघत विचारतो, हेही गळाले तर?

मानेवरचा केस कपाळावर लावला
तरी मानेवरचाच राहतो, ती सांगते.
टकलाचा हुकूम त्याला लागू नाही.
तिसऱ्या आठवड्यात झडेल,
घाबरू नका, मूळ आत असतं.
हे वाक्य तिला सात भाषांत येतं.

संध्याकाळी उस्क्युदारच्या बोटीवर
पट्टी बांधलेली चार डोकी
वाऱ्याला पाठ करून उभी.
फोनवर आई, एर्झिंजानहून :
रुळलीस ना गं तिकडे?
अकरा वर्षं झाली.

हो, म्हणते ती,
आणि चिमट्याच्या आकारात आखडलेली
दोन बोटं
चहाच्या पेल्यावर शेकत राहते.