लोटन मिस्तरीचा कान

ही गाडी आधी मारवडच्या एका दूधवाल्याची होती.
दोन्ही अंगांना कॅनचे पोचे,
आणि उन्हात उभी राहिली की सीटखालून
अजूनही किंचित आंबट वास.
मी घेतली तेव्हा लोटन मिस्तरी म्हणाला,
'गाडी म्हातारी नही, बहीन. उपाशी शे.'

बोरीच्या पुलाजवळ त्याची टपरी.
कडुनिंब, पाण्याचा माठ, पेट्रोलची ताटली,
आणि एक लांब पेचकस.
टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून असा ऐकायचा
जसं कुणी विहिरीत पडलेली बादली गळाने चाचपतंय.
'पिस्टन नही, रिंग नही.
चेन कुरकुर करी ऱ्हायनी.'

पोस्टाची आरडी गोळा करत मी गावोगाव फिरते,
तेव्हा शिकणं भागच होतं.
ऑइल लिटरला दोन झाकणं,
जास्त झालं की सायलेन्सर विडी ओढतो.
मे महिन्यात टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही.
मडगार्डात अडकलेली काळी माती
वाळून दगड व्हायच्या आत
पऱ्हाटीच्या काडीने उकरायची.
प्लग काढून टोक बघायचं:
चहाचा रंग असेल तर गप बसवायचा परत,
काजळ असेल तर पॉलिश पेपर,
आणि पांढरं असेल तर
'तिनं पोट जळी ऱ्हायनं, लवकर ये.'
फट मोजायला त्याच्याकडे पातं होतं, हरवलं.
मग माझ्याकडून एक भरलेलं पासबुक घेतलं,
पातोंड्याच्या वेणूबाईचं, महिना शंभर, पाच वर्षं पुरी.
त्याच्या कव्हराएवढी फट.
अजून तेच वापरतो.

यंदा आखाजीनंतर गाडी नवाच आवाज करू लागली.
लोटनने पेचकस लावला.
उजवीकडे. बराच वेळ.
मग डावीकडे.
पोरगं नळावर डबा भरत होतं, त्याच्याकडे एकदा पाहिलं,
आणि हळूच, जवळ येऊन,
म्हणजे त्याला हळू वाटलं, पुलापर्यंत गेलं असेल:
'आवाज कसा ये ऱ्हायना?'

मला वाटलं परीक्षा घेतोय.
म्हणाले, ताटावर बांगडी घासल्यासारखा.
त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं.
पुन्हा म्हणाले, मोठ्याने.
'चढावर का उतारवर?'
उतारावर. ब्रेक दाबला की थांबतो.
'मंग शू.'
चाक उघडलं. शूची स्प्रिंग तुटून
धुळीत पडली होती, नखाएवढी.
ती त्याने तळहातावर घेतली
आणि खिशात टाकली, फेकली नाही.

पैसे घेतले नाहीत. पेचकस माझ्या हातात दिला.
'ठेव हाडवर.'
मूठ उन्हाने तापलेली.
आधी काहीच नाही,
मग माझे स्वतःचेच दात,
मग दातांच्याही खालून,
जिनिंग फॅक्टरी रात्री लांबून ऐकू येते ना, तसं काहीतरी,
एकसारखं, सरकीतून कापूस ओढणारं.
मी डोळे उघडले तर तो विचारत होता,
'चांगली शे ना?'
मान हलवली. ते त्याला ऐकू आलं.

आता रविवारी माझं टेबल कडुनिंबाखालीच असतं.
एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्यात पेचकस.
गिऱ्हाइकांना वाटतं बाईला मिस्तरीने कामाला ठेवलंय.
ठेवू दे वाटून.
खुळखुळ आणि खडखड एक नव्हे,
टिकटिक कोमट असते, टकटक थंड,
असले शब्द मी एरवी कुठे वापरले असते?

काल एक पोरगा आला, गाडी नवी, चेहरा पडलेला.
मी ऐकलं. म्हणाले,
भरडा दळल्यासारखं.
लोटनने हात पुसले, माझ्या ओठांकडे बघत.
'जाडं का बारीक?'
थांब, म्हटलं,
आणि पुन्हा हाड टेकवलं.