मधलं पद

एकोणीस वर्षं मी एकाच चुकीवर लाल शाई खर्च केली.
कंसात अ अधिक ब, कंसावर वर्ग,
आणि उत्तर : अ वर्ग अधिक ब वर्ग. संपलं.
दर आठवीत तीसेक जण,
जणू मागच्या आठवीने जाता जाता
पुढच्या आठवीच्या कानात सांगून ठेवलेलं.
मी म्हणायचे, दोन अ ब कोण लिहिणार, तुझा मामा?
वर्ग हसायचा.
सूत्र दहा वेळा लिहून आणा.
आणायचे. दहाही वेळा बरोबर.
अकराव्या वेळी परत तेच.

मे महिन्यात ठाण्याला प्रशिक्षण. वरिष्ठ वेतनश्रेणी.
बारा वर्षांनी मिळायची ती,
फाईल सात वर्षं कुठल्याशा कपाटात झोपलेली.
नौपाड्यातली शाळा, पाचवीचे बाक,
गुडघे पोटाशी.
तिसऱ्या दिवशी दुपारी मिराशी सरांनी विचारलं,
समजलं ना सगळ्यांना?
चाळीस माना हलल्या. त्यात माझी.
मला ओ की ठो कळलं नव्हतं.
शेजारच्या पारधी बाई माझ्या वहीतून उतरवत होत्या,
मी पुढच्या, कळव्याच्या चित्रकलेच्या सरांच्या.
ते कुणाचं बघत होते, देव जाणे.
प्रमाणपत्र मिळालं, प्लास्टिकच्या पाकिटात.
पगार वाढला.
मान मात्र अजून हलतेय.

जूनमध्ये गोठिवलीला परत आले
तेव्हा 'समजलं ना' हा शब्द तोंडात यायचा आणि
सुपारीसारखा गालात धरून ठेवावा लागायचा.
आठवी ब. दक्षता मढवी, शेवटून दुसरा बाक.
चुकलेलं उत्तर तिचंच. म्हटलं,
ये, काढून दाखव मला, मोजू आपण.
तिने अ बाजूचा चौरस काढला.
त्याच्या कोपऱ्याला कोपरा लावून ब चा, लहान.
म्हटलं, आता दोघांना मिळून एकच बांध घाल, चौकोनी.
खडू फिरला.
शेजारच्या वर्गात खोपकर सरांचा पाढ्यांचा गजर,
खिडकीबाहेर नव्या टॉवरची क्रेन अर्ध्यात थांबलेली.
दक्षता फळ्यापासून दोन पावलं मागे आली.

"बाई, ह्या दोन पट्ट्या कोनाच्या?"

मी थांबले. एरवी उत्तर देऊन मोकळी झाले असते.
तीच म्हणाली,
"आमच्या आजोबांचं असंच झालेलं.
खाजणातले दोन तुकडे कागदावर आले,
मधल्या पट्ट्या मोजायच्या राहिल्या.
साडेबारा टक्के निघाले, तेव्हा पण त्या नव्हत्याच."
तिने हे रडून सांगितलं नाही.
हिशोब सांगावा तसं सांगितलं.

मला माहीत नव्हतं, मी म्हणाले.
नोकरीत पहिल्यांदा, भर वर्गात.
मुबीन उठला, दोन का पण? एकच पट्टी का नाही?
वही आडवी केली त्याने, उभी केली, परत आडवी.
दोन्ही सारख्या निघाल्यावर
चोर सापडल्यासारखा ओरडला.
दोन अ ब दक्षताने लिहिलं. खडू तिच्याचकडे होता.

आता स्टाफरूममध्ये अर्ज पडलाय.
पर्यवेक्षकाचं पद रिकामं होतंय,
खोपकर सर म्हणतात, भरा, तुमचाच नंबर.
अनुभव : भरला.
प्रशिक्षणे : भरली, पाकिटासकट.
उल्लेखनीय कार्य, या रकान्यापाशी
चहा दोनदा गार झाला.
काय लिहू? घटक चाचणीत
अकरा जणांनी परत तेच लिहिलंय,
अ वर्ग अधिक ब वर्ग. संपलं.
त्यात मुबीन. चोर पकडणारा मुबीन.

अर्ज बाजूला सारला. लाल पेन उघडलं.
फुली मारायला गेलेला हात
समासात गेला,
एक चौरस, कोपऱ्याला दुसरा,
भोवती बांध.
रिकाम्या जागेत एवढंच लिहिलं :
कोनाच्या?