हाड

पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जिवंत प्राणी.
आत तू, धोट्या, अठरा किलो,
आणि पद्मजाच्या जुन्या गाऊनचा तुकडा,
वासापुरता.

फॉर्मवर जात विचारली होती.
मी लिहिलं, गावठी.
एजंट म्हणाला, असा पर्यायच नाही साहेब,
तेव्हापासून तू ‘इतर’.
तुझं रक्त कुठंतरी लांब तपासायला गेलं,
मग तीन महिने थांबायचं, नियमच तसा.
तेवढ्यात माझा व्हिसा आला,
माग भंगारात गेले, किलोवर,
शेडला दुसऱ्याचं कुलूप लागलं.
तुझं तेवढं ठरेना.

सहा नंबरच्या मागाखाली जन्मलास, सुताच्या गुंत्यात.
इकडून तिकडं, तिकडून इकडं
नुसता पळायचास,
म्हणून शिवलिंग जॉबरनं नाव ठेवलं.
इचलकरंजीत त्या नावाचा अर्थ
कुणाला सांगावा लागला नाही.

आता हडर्सफील्ड.
गावाच्या नावातच हड,
पहिल्यांदा ऐकून पद्मजा हसली होती.
इथंही माग होते म्हणे, कालव्याच्या कडेनं, दगडी गिरण्यांत.
आता तिथं फ्लॅट आहेत आणि एक जिम.
रात्री इतकं शांत असतं
की तू उठून बसतोस,
कान टवकारून ऐकतोस
काय बंद पडलंय ते.
मीही जागाच असतो.
मग वॉशिंग मशीन लावतो, रिकामंच,
आणि तू त्याला पाठ लावून झोपतोस.
विजेचं बिल बघून पद्मजा काही बोलत नाही.
तिला पहाटे वॉर्डात जायचं असतं.

बस स्टॉपवर एक बाई कुणाला तरी विचारते,
यू ऑल राइट, लव्ह?
तू शेपूट हलवतोस.
आपल्याकडं यू यू म्हटलं की भाकरी.
इथं दिवसभर कुणी ना कुणी
यू, यू,
दुकानात, फोनवर, भांडणातसुद्धा.
तुला वाटत असेल, केवढं बोलावतंय हे गाव!
मला मात्र प्रत्येक यू ऐकून
आधी मागं वळून बघावं लागतं,
दुसरं कुणी उभं आहे का.

शनिवारी मार्केटातल्या खाटकानं, क्लाइव्हनं,
कागदात गुंडाळून दिलं.
पैसे नकोत म्हणाला, पोरासाठी आहे.
मी जिना चढतानाच ओरडलो,
धोट्या, हाड!

शेपूट पोटाशी घेऊन
तू सरकत गेलास
कोटांच्या खुंटीखाली, पार कोपऱ्यात.

तो शब्द तुला दगडासकट पाठ होता.
चहाच्या टपरीचा, लग्नाच्या मांडवामागचा,
आणि एकदा, कामगारांचा पगार थकला होता त्या महिन्यात,
माझाही.

फरशीवर बसलो. कागद उलगडला.
बराच वेळ तू त्याच्याकडं नाही,
माझ्या तोंडाकडं बघत होतास.

ड्यूटीवरून पद्मजा आली,
कोट न काढताच म्हणाली, काय झालं, असे का बसलाय दोघं?
मी म्हटलं,
बोन.

ती माझ्याकडं बघत राहिली.
घरात आजवर मी त्या भाषेत
एक अक्षर बोललो नव्हतो.

तू मात्र उठलास.