चार बोटं

इथे बुरशीला फूग म्हणतात.
कनुभाई रंगारी दर दिवाळीआधी येतो,
भिंत खरवडतो, पुट्टी भरतो,
"बेन, आ वखते नहीं आवे," म्हणतो,
आणि आषाढ संपायच्या आत
कपाटामागून ती परत निघते,
आधी मिऱ्याएवढी,
मग कुणी शाईची बोटं पुसावीत तशी.

तीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात
हिलाच वाढवत होते. काचेच्या बशीत,
वर नाव, तारीख, पंचवीस अंश.
नाही उगवली तर साहेब चिडायचे.
म्हणून ठाऊक आहे, भिंतीवर ब्लीच ओतलं
की तिचा रंग जातो, ती जात नाही.
तिला खायला धूळ पुरते,
प्लायवूडचा डिंक पुरतो,
आणि ते कोणत्या घरात नसतं?
आपल्या हातात असतं ते फक्त पाणी.

तर यंदा कनुभाईला नको म्हटलं.
याकूबभाईंनी न्हाणीघराच्या भिंतीला कान लावला,
डॉक्टर लावतात तसा, डोळे मिटून.
टाइल फोडली. आतला जोड झिरपत होता,
किती वर्षं, देव जाणे.
ओले टॉवेल खोलीतून हद्दपार.
कपाट सरकवलं भिंतीपासून चार बोटं,
एका बाजूने मी, एका बाजूने हे, कुरकुरत.
मग दमटपणा मोजायचं एक यंत्र आणलं
काडेपेटीएवढं. ब्याऐंशी.
पंखा लावला: अठ्ठ्याहत्तर.
तिथेच अडला आकडा, म्हशीसारखा.

हवेला यायला एक वाट लागते
आणि जायला दुसरी.
दुसरी म्हणजे उत्तरेची खिडकी.

कारेलीबागेत सात फुटी डक्टच्या अलीकडे आम्ही,
पलीकडे दीर.
मध्ये पादऱ्याकडच्या जमिनीचा एक कागद,
ज्याचं नाव जेवताना काढायचं नसतं.
सहा वर्षांपूर्वी ह्यांनी कडी लावली,
वर खिळाही ठोकला.
विश्वामित्रीला पूर आला, मगरी रस्त्यावर आल्या,
तेव्हासुद्धा त्या घराची खबर
आम्ही वॉचमनकडून घेतली.

मंगळवारी हे बँकेत गेले.
बाहेर श्रावणातलं कोरडं ऊन.
पक्कड घेतली.
खिळा गंजलेला, चौकट फुगलेली,
तळहाताने तीनदा मारावं लागलं.
समोर सिंकपाशी सुनंदा मेथी निवडत होती.
केस पांढरे झालेत तिचे.
ती बघत राहिली. मी बघत राहिले.
कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या घरात ते कळेना.

"आमच्याकडेही वास येतो," ती म्हणाली,
"कपाटात. माझ्या पैठणीवर डाग पडलेत."
सहा वर्षांत कितीतरी वाक्यं
मनात घोटून ठेवली होती मी.
त्यातलं एकही आठवलं नाही.
म्हटलं,
"कपाट चार बोटं पुढे घे. आणि साडी उन्हात नको, सावलीत."

हे आले. खिडकीकडे पाहिलं.
चप्पल न काढताच यंत्रापाशी गेले,
चष्मा वर करून म्हणाले, "चौसष्ट."
बस, एवढंच.

संध्याकाळी बाहेरची हवा पुन्हा जड होते,
तेव्हा खिडकी लावून घ्यायची असते.
ती ह्यांनीच लावली. कडी घातली.
खिळा टेबलावर होता,
तो सकाळी मला बटणांच्या डब्यात सापडला.

साठच्या खाली अजून आलेला नाही आकडा.