साक्षीदार क्रमांक एक

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणीचं सांगणारं कुणी असेल तर आणा.
आई सहा वर्षांपूर्वी गेली.
म्हणून केळव्याहून भालचंद्र आला,
परळच्या त्या तिसऱ्या मजल्यावर,
पिशवीत राजेळी केळ्यांची फणी,
आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसला.

मी लघुवाद न्यायालयात स्टेनो. एकतीस वर्षं.
माणूस बोलतो, मी रेघा ओढते,
त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.
एकदा एक भाडेकरू म्हणाला, पायाखालची जमीन सरकली.
मी उतरवून घेतलं, आणि दिवसभर
त्याच्या खोलीचा नकाशा डोक्यातून जाईना:
किती इंच? कुठल्या दिशेला?

आताही हात आपसूक वहीकडे गेला.
भाऊ सांगू लागला, मी उतरवू लागले.

"खेळायची नाही ती. मांडायची.
आईच्या डब्यातली बटणं.
दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे.
एक हललं की त्या दिवशी जेवण नाही."

(तीन भोकांचं एकच होतं. निळं.
ते त्याच्या लक्षात नाही.)

"नाव सुलभा, वागायला दुर्लभ,
मामाचा ठरलेला विनोद.
सगळे हसायचे. हीसुद्धा हसायची,
सगळ्यांचं हसून झालं की."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
मी वेळेवर हसते असं मी धरून चालले होते.

बाईंनी विचारलं, नजरेला नजर?
डोळ्यांत डोळे घालून बोल, असं चुरी मास्तर ओरडायचे.
डोळ्यात साधं कुसळ गेलं तर पाणी येतं,
आणि हे म्हणणार, अख्खा डोळा घाल.
मग मी भुवयांच्या मधोमध बघायला शिकले.
टिकली असेल तर सोपं जातं.
न्यायाधीशांच्या बाबतीत चष्म्याची दांडी.

लग्न? झालं होतं. चौदा महिने.
तो म्हणायचा, मी भिंतीशी संसार करतोय.
मी म्हटलं, भिंतीलाही कान असतात.
त्याला तो टोमणा वाटला.
मी माहिती देत होते.

ऑफिसातून आल्यावर काय करता?
दिवा न लावता बसते.
साडीचा काठ अंगठ्याखालून सरकवत,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
दिवसभरात घातलेला चेहरा उतरेस्तोवर.
साधारण चाळीस मिनिटं. बारशाला जाऊन आले तर दोन दिवस.

भाऊ जरा थांबला. केळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात.
"आणखी एक आहे," म्हणाला.
"दिवाळीच्या नव्या फ्रॉकला मानेत शिंप्याची चिठ्ठी असायची.
ती हिला टोचायची. ही रडायची, आई रागवायची.
मग ही झोपली की मी ब्लेडने ती काढायचो.
एकदा कापड फाटलं. मार मी खाल्ला."

मला वाटायचं,
नवे कपडे रात्रभरात आपोआप निवतात.
त्रेपन्न वर्षांची झाले तरी वाटायचं.

पुढची दोन वाक्यं माझ्या वहीत नाहीत.

कागदावर बाईंनी ऑटिझम लिहिलं, खाली तारीख, सही.
मी ते दोनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं.
भालचंद्रला वाटलं मी रडेन.
मला भूक लागली होती.

खाली रस्त्यावर फुटपाथ फोडायचं यंत्र चालू होतं.
तो काही न बोलता माझ्या उजवीकडे आला.
वरातीत बँड वाजायचा तेव्हाही
तो उजवीकडेच असायचा, आत्ता आठवलं.
मी म्हटलं, भाल्या, तू हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवलंस?
तो म्हणाला, पोटात कुठलं गं, मी विसरलो होतो.

सोमवारी मी प्रबंधकांकडे अर्ज दिला:
माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट गुणगुणते, बदलून मिळावी.
शिपाई म्हणाला, आम्हाला तर काही ऐकू येत नाही, मॅडम.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
मला येतं.