घोडामैदान

शनिवार, रात्रीचे साडेदहा. चरईतला दुसरा मजला.
पंखा बंद ठेवलाय, कागद उडू नयेत म्हणून.
उद्या महालक्ष्मीला सात शर्यती, पहिली दीडला.
सकाळी आठच्या आत झेरॉक्सवाल्या मुणगेकरच्या हातात पान पडायला हवं.
प्रत पाच रुपये. तीन त्याचे, दोन माझे.

पहिली. बाराशे मीटर, नऊ घोडे.
'रूपमती' गुरुवारच्या ट्रायलला मान खाली घालून पळाली,
वरच्या पोरानं लगाम सोडलाच नव्हता.
डोळे मिटून लावा. भाव मिळणार नाही, पैसे मिळतील.

दुसरी. 'खलाशी'.
आतली कड मिळालीय, वजन साडेपन्नास,
आणि या खेपेला डोळ्यांना झापडं बांधणार आहेत.
शेजारचा दिसला नाही की घोडा बरा पळतो.
बँकेत होतो तेव्हा
हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरीत घोडं पेंड खातंय.
चौदा घोडे, चौदाही चोर.
दोनदा आकडेमोड केली, दोनदा उत्तर वेगळं.
लिहितो : लांब राहा.
राहणार कोणी नाही, पण लिहितो.

चौथी, पाचवी, सहावी
मघाशीच उरकली, चहा गार व्हायच्या आत.

आता खरं तर वरून दोन ठोके यायचे,
फरशीवर, खलबत्त्याच्या दांड्याचे.
मग जिन्यात चपला,
मग दारात उषाताई टिपणीस, हातात बिरड्याची वाटी,
चष्मा कपाळावर.
एकतीस वर्षांत त्यांनी माझा वजनाचा रकाना वाचला नाही.
एकच प्रश्न : "गेल्या वेळी शेवटून पहिला कोण?"
सांगितलं की पदराच्या गाठीतून वीस रुपये.
"त्याच्यावर. त्यालाही कुणीतरी विचारायला नको का, खोपकर?"

हरायच्या. नेहमीच हरायच्या.
एकदाच, होळीच्या आदल्या रविवारी,
एक लंगडत असल्यासारखा दिसणारा तांबडा
चाळीसच्या भावानं आला.
वीसचे आठशे.
त्यात त्यांनी जिन्यात दिवा बसवला.
बल्ब चारदा बदलला असेल, होल्डर तोच आहे.
त्याच जिन्यावर त्या पडल्या,
दिवा चालू असताना.

खुब्याचं हाड. सिव्हिलमध्ये तीन आठवडे झाले.
घोड्याचं हाड मोडलं की काय करतात
हे त्यांना ठाऊक आहे.
मीच सांगितलं होतं कधीतरी,
बोलण्याच्या भरात, बिरडं खाता खाता.

गुरुवारी गेलो होतो. मोसंबी नेली.
भाचा ऐरोलीहून येऊन गेलेला, थर्मास तसाच भरलेला.
बराच वेळ छताकडे बघत होत्या, मग म्हणाल्या,
"खोपकर, माझ्यावर काय भाव चाललाय?"

इतकी वर्षं लोकांना भाव सांगतो मी.
मोसंबी सोलत बसलो.

सातवी. सोळाशे मीटर, अकरा घोडे.
'सरदार' फेव्हरिट, वादच नाही.
'नीलकंठ' दुसरा, माती ओली असली तर पहिला.
आणि तळाला 'अबोली',
वय सात, बारा वेळा पळाली,
पहिल्या चारांत कधीच नाही,
गेल्या वेळी शेवटची, तीही बऱ्याच अंतरानं.
वजन सगळ्यांत कमी. जॉकी शिकाऊ.

सातवीच्या पुढे मी पहिलं नाव लिहितो : अबोली.
कारणाचा रकाना कोरा.
पाकिटातून वीसची नोट काढून पानाला टाचतो.
मी, ज्यानं आजवर एका घोड्यावर एक पैसा लावला नाही.

सकाळी सव्वाआठला मुणगेकरचा फोन.
मागे मशीन घरघरतंय, दुकानाबाहेर
कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडतंय.
"काका, सातवीत काहीतरी चुकलंय.
आणि ही वीसची नोट कसली?"

चुकलेलं नाही, म्हटलं.
छाप.
आणि एक प्रत बाजूला ठेव,
जरा मोठ्या अक्षरात.