यंदा असंच आहे

होळी झाली की माझ्या मशीनवर सोनमोहोर गळायला लागतो.
टाका घालता घालता फुंकर मारावी लागते,
नाहीतर पिवळी पाकळी शिवली जाते
कुणाच्या तरी कुर्त्याच्या शिवणीत.
गेल्या साली एक गेलीच.
बाई परत आली नाही, म्हणजे तिला सापडली नसावी,
किंवा आवडली असावी.

नेरूळ, सेक्टर सोळा, दूध केंद्राच्या बाजूला.
पाटीवर नुसतं 'ऑल्टर'.
पुढची अक्षरं उन्हानं खाल्ली.

फॅशन मला फोटोंतून कळत नाही.
ती कळते, काय कापून टाकायला सांगतात त्यावरून.
डिसेंबरात लांबी कापत होते, आता घेर.
पलाझो सगळ्या आल्या, सरळ पँटी होऊन गेल्या.
डब्यातल्या चिंध्या उपसल्या तर
तळाशी अजून लव्हेंडर निघेल,
तेव्हा तर वॉचमनची बायकोही लव्हेंडर होती.

मुली म्हणतात, सेज ग्रीन.
मी म्हणते, शेवाळी.
बटर यलो म्हणतात,
मी म्हणते श्रीखंडी, केशर न घातलेला.
पीच? अगं, अबोली.
फक्त करावे गावातली दर्शू म्हात्रे स्कर्ट घेऊन आली
आणि म्हणाली फ्लेमिंगोचा गुलाबी,
त्याला माझ्याकडे शब्द नव्हता.
गुलबक्षी नाही, राणी नाही.
मशीन झाकून संध्याकाळी खाडीवर जाऊन बघून आले.
ओहोटी होती. सगळे रोहित चिखलात उभे,
आणि एकाच्याही पिसाला डाग नाही.
चिखलातलं खाऊनच रंग चढतो म्हणे त्यांना.
स्कर्टची कंबर दीड इंच आत घेतली,
रंग तसाच ठेवला, बिननावाचा.

आणि खिसे! यंदा सगळ्यांना खिसे हवेत.
पाडव्याच्या रॅलीला बुलेट चालवणारी एक
शिवलेल्या नऊवारीला खिसा मागत होती.
दिला. किल्ली राहील एवढा.

मग कारखानीस बाई आल्या, बी विंगच्या.
पिशवीतून पुरुषाचा शर्ट काढला,
बारीक निळ्या रेघांचा, कॉलर आतून झिजलेली.
म्हणाल्या, आता मोठ्या मापाचे घालतात ना बायका?
मी म्हटलं, घालतात. खांदे उतरलेलेच चालतात यंदा.
म्हणाल्या, बरं झालं.

टेप लावली. खांदा चार इंच उतरत होता.
विचारलं, आत घेऊ? नको.
कॉलर उलटवू? नको.
बटणं तरी? पुरुषांची उजवीकडे असतात,
बायकांची डावीकडे, बदलून देते.
त्या जरा वेळ काजांवरून अंगठा फिरवत राहिल्या.
नको, म्हणाल्या.
सवय आहे मला. समोरून मीच लावायचे.

मग फक्त बाह्या दुमडून दोन टाके घातले.
पैसे घेतले नाहीत असं म्हणणार होते,
पण घेतले. वीस रुपये.
न घेते तर त्यांना कळलं असतं, मला कळलंय ते.

दुसऱ्या सकाळी त्या भाजीला निघाल्या, तोच शर्ट,
खाली पांढरी पँट, पायात कोल्हापुरी.
वारा खाडीकडून होता आणि शर्ट फुगला होता,
पाठीत, जसा कुणी आत असल्यावर फुगतो.
दर्शू माझ्यापाशी उभी होती. ओरडली,
काकी, कसला भारी! कुठून घेतला?
बाईंनी खाली बघितलं, जणू आत्ताच दिसला शर्ट.
म्हणाल्या, घरातच होता.

या आठवड्यात वडलांचे शर्ट पाच आलेत.
एक चौकडीचा, दोन पांढरे, एक कंपनीच्या बिल्ल्यासकट,
आणि दर्शूनं आणलेला, अजून इस्त्री गरम असलेला.
विचारलं, बाबांना माहीत आहे का गं?
म्हणाली, संध्याकाळी कळेल.

खांदे तसेच ठेवते. काजंही.
कुणी विचारलंच, काकी, बटणं उलटी का,
तर सांगते, यंदा असंच आहे.